कन्सोलवर बसायला शिकताना

चौदा वर्षं मी मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्यांचे मोठे व्यवहार सांभाळणाऱ्या संगणकावर, काम करते आहे, पण मेनफ्रेमचा कन्सोल, म्हणजे ऑपरेटर जिथून आज्ञा देतो तो पडदा, मी गेल्या पावसाळ्यापर्यंत पाहिलाच नव्हता. पुण्यात बसून परदेशातल्या एका बँकेच्या कोबॉल बॅचची, म्हणजे कोबॉल भाषेतल्या आपोआप चालणाऱ्या जॉबच्या रांगेची, राखण करायची, हे माझं काम. रात्री दोनला फोन वाजतो, पलीकडचा ऑपरेटर सांगतो की अमुक जॉब पडला, एस-झीरो-सी-सेव्हन आहे. मी लॅपटॉप उघडते, डंप, म्हणजे जॉब पडला त्या क्षणीची मेमरीची नक्कल, बघते, आकड्याच्या जागी अक्षरं घुसलेला रेकॉर्ड शोधते आणि ऑपरेटरला सांगते, "आता रीस्टार्ट करा." तो करतो. पण तो कुठल्या पडद्यासमोर बसतो आणि कुठली अक्षरं टाइप करतो, हे मला ठाऊक नव्हतं. एसडीएसएफमध्ये, म्हणजे जॉब आणि त्यांचं आउटपुट बघायच्या पडद्यावर, आज्ञेच्या ओळीवर आधी स्लॅश टाकला की थेट सिस्टिमला आज्ञा देता येते, एवढं माहीत होतं. पण आमच्या आयडींना तो अधिकार नाही. त्यामुळे स्लॅशच्या पलीकडचं जग माझ्यासाठी कायम फोनच्या पलीकडच्या माणसाचं राहिलं.

एका रात्री ऑपरेटरचा फोन आला की महिनाअखेरचा एक जॉब चाळीस मिनिटं जागचा हललेला नाही. मी जॉबचा लॉग पाहिला. चूक काहीच नव्हती, तो सुरूच झालेला नव्हता. तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "यावर एक रिप्लाय थकला आहे. डिव्हाइसचं नाव द्या किंवा कॅन्सल, असं विचारतोय. काय देऊ?" मला तो प्रश्नच कळला नाही. घाईत मी म्हणाले, "कॅन्सल द्या, आपण परत सबमिट करू." कॅन्सल दिल्यावर जॉब पडला, त्याच्यामागचे अकरा जॉब अडले आणि सकाळचा अहवाल तीन तास उशिरा गेला. ऑपरेटरने विचारलं होतं, उत्तर मी दिलं होतं. चूक माझी होती, आणि ती कोबॉल न येण्याची नव्हती. यंत्राने विचारलेला प्रश्न मला वाचता आला नव्हता.

म्हणून हर्क्युलस.

हर्क्युलस हा मेनफ्रेमचा एम्युलेटर आहे, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम. रॉजर बाउलर यांनी तो १९९९ साली लिहायला घेतला, नंतर जे मेनार्ड आणि इतर अनेकांनी तो पुढे नेला. सिस्टिम/३७०पासून आजच्या झेड आर्किटेक्चरपर्यंतचे प्रोसेसर तो साध्या लॅपटॉपवर उभे करतो. पण प्रोसेसर म्हणजे नुसतं यंत्र. त्यावर चालवायला ऑपरेटिंग सिस्टिम लागते. आजची झेड/ओएस परवान्याशिवाय घरी चालवता येत नाही. तिची पणजी म्हणावी अशी एमव्हीएस ३.८जे मात्र कॉपीराइटच्या बंधनाबाहेर आहे. युर्गेन विंकेलमान यांनी तिचा टीके४ वजा नावाचा तयार संच केला आहे, तो मी घेतला. झिप उघडली, त्यात डिस्कच्या फायली होत्या. एकेक फाइल म्हणजे एकेक डिस्क. ३३५० जातीची डिस्क सुमारे ३१७ एमबीची. कपाटाएवढ्या त्या लोखंडी पेट्या आता माझ्या एका फोल्डरमध्ये मावल्या होत्या.

(पुढे आज्ञा मी बोलण्यात येतात तशा देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

तयार संच सुरू केला की तो आपला आपणच उभा राहतो. पडद्यावर धबधब्यासारख्या ओळी येतात आणि दोन मिनिटांत टीएसओवर, म्हणजे टर्मिनलवरून सिस्टिम वापरायच्या सोयीवर, लॉगऑन करता येतं. ज्याला फक्त जुनं कोबॉल किंवा असेंब्लर चालवून बघायचं आहे त्याच्यासाठी हे उत्तम. माझ्यासाठी मात्र त्या दोन मिनिटांतच सगळा अभ्यासक्रम होता, आणि तो माझ्याऐवजी दुसरंच कुणीतरी उरकत होतं. ते दुसरं कुणी म्हणजे हर्क्युलस ऑटोमॅटिक ऑपरेटर, ‘एचएओ’. कन्सोलवर अमुक मजकूर आला की तमुक आज्ञा दे, असे नियम त्यात घालून ठेवलेले असतात. ‘एचएओ लिस्ट’ केल्यावर ते दिसले, ‘एचएओ क्लिअर’ केल्यावर गेले. त्याबरोबर सुरुवातीच्या स्क्रिप्टमधलं स्वयंचलित कामही मी बंद केलं. आता प्रश्न आला तर उत्तर मलाच द्यावं लागणार होतं.

पहिल्याच संध्याकाळी जी गोष्ट डोक्यात बसवावी लागली ती अशी, की पडदा एक पण श्रोते दोन. खाली ‘हर्क’ लिहून लांब बाण काढलेली ओळ असते, तिथे टाइप करायचं. नुसतं टाइप केलं की ते हर्क्युलसला, म्हणजे यंत्राला उद्देशून. आधी स्लॅश दिला की ते आतल्या एमव्हीएसला उद्देशून. यंत्राला सांगायच्या गोष्टी वेगळ्या: वीज द्या, डिस्क जोडा, कार्ड रीडरमध्ये गठ्ठा ठेवा, टेप चढवा. ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायच्या गोष्टी वेगळ्या: जॉब दाखव, टीएसओ सुरू कर, प्रिंटर थांबव. खऱ्या संगणक कक्षात पहिली कामं हातांनी व्हायची आणि दुसरी कीबोर्डवर. एम्युलेटरमध्ये दोन्ही कीबोर्डवरच होतात, म्हणून गोंधळ होतो.

हा फरक अंगात मुरावा म्हणून मी एक प्रयोग मुद्दाम केला, आणि नव्या माणसाने तो जरूर करावा. सगळं सुरळीत चालू असताना स्लॅश न देता ‘स्टॉप’ टाइप केलं. एमव्हीएसने हू की चू केलं नाही, कारण तिला काही कळलंच नव्हतं. शेजारच्या टर्मिनलवर टीएसओ गोठला. ‘/डी टी’ देऊन वेळ विचारली, उत्तर नाही. तळाच्या स्थितिदर्शक ओळीत जिथे एरवी टिंब असतं तिथे ‘एम’ आलं होतं. एम म्हणजे मॅन्युअल, प्रोसेसर थांबलेला. त्या ओळीकडे तोवर मी लक्षच दिलं नव्हतं; आता पडदा गप्प झाला की नजर आधी तिथेच जाते. ‘डब्ल्यू’ असेल तर प्रोसेसर कामाची वाट बघतोय, काळजी नाही. ‘एम’ असेल तर कुणीतरी थांबवलाय. ‘स्टार्ट’ टाइप केलं आणि अडकलेलं ‘डी टी’चं उत्तर आलं. घड्याळ मात्र पुढे गेलेलं होतं. आतल्या सिस्टिमच्या दृष्टीने मधली तीन मिनिटं घडलीच नव्हती, तरी घड्याळात ती सरली होती.

हाताने आयपीएल करायला तीन संध्याकाळी लागल्या. आयपीएल म्हणजे इनिशियल प्रोग्रॅम लोड, मेनफ्रेमच्या भाषेत बूट करणं. ‘आयपीएल १४८’. हा १४८ दशमान नाही, सोळाच्या पायाचा आकडा आहे. ज्या डिस्कवर सिस्टिम आहे तिचा पत्ता. एंटर दाबलं. काही सेकंद काहीच नाही, आणि मग ती ओळ आली: ‘आयईए१०१ए स्पेसिफाय सिस्टिम पॅरामीटर्स फॉर रिलीज ०३.८’. तिच्या आधी दोन शून्यं होती, तो प्रश्नाचा क्रमांक. उत्तर देताना तो क्रमांक सांगायचा: ‘/आर ००,सीएलपीए’. आर म्हणजे रिप्लाय. सीएलपीए दिलं की सामाईक प्रोग्रॅम ठेवायची जागा नव्याने भरली जाते. रोज लागत नाही, सिस्टिममध्ये बदल केले असतील तर लागते.

आमच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक ऑपरेशन्सचे सर ठाण्याला राहतात. ऐंशीच्या दशकात त्यांनी मुंबईत टेपच्या रात्रपाळ्या केल्या आहेत. त्यांना फोन करून सांगितलं, "सर, आज मी आयपीएल केला." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पहिला प्रश्न आला तेव्हा लगेच उत्तर दिलंस का गं?"

"हो, लिहून ठेवलं होतं ना."

"ते नको करूस. लिहून ठेवलेलं उत्तर हे काल आलेल्या प्रश्नाचं असतं. आधी ओळ मोठ्याने वाच. आम्ही दोघं असायचो शिफ्टला. एकाने वाचायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. एकटं असलं तरी वाचायचं."

मला त्यांचं म्हणणं त्या दिवशी पटलं, पण हातात उतरलं नाही. ते उतरायला एक नुकसान व्हावं लागलं.

एमव्हीएस उभी राहताना तिच्यात जेईएस२ उभा राहतो. जॉब आत घेणं, रांगेत लावणं, छपाईला पाठवणं हे त्याचं खातं. जॉब आणि त्यांचं आउटपुट तो एका डिस्कवर साठवतो, त्याला स्पूल म्हणतात. जेईएस२ सुरू होताना विचारतो: ‘स्पेसिफाय ऑप्शन्स’. अगदी पहिल्यांदा सिस्टिम उभी करताना या प्रश्नाला ‘फॉरमॅट,नोरेक’ असं उत्तर द्यायचं असतं, कारण तेव्हा स्पूल कोरा असतो आणि त्याची आखणी करावी लागते. माझ्या वहीत पहिल्या दिवसाचं ते उत्तर लिहिलेलं होतं. पाचव्या दिवशी घाईत मी वही बघितली आणि तेच दिलं. जेईएस२ने एका शब्दाने हरकत घेतली नाही. त्याने आज्ञेप्रमाणे स्पूल पुन्हा आखला, आणि चार रात्री चालवलेल्या जॉबचं सगळं आउटपुट पुसलं गेलं. त्यात एक कोबॉल प्रोग्रॅम होता, जो चालायला मला दोन रात्री लागल्या होत्या. प्रोग्रॅम डिस्कवर शाबूत होता, पण कम्पायलरची यादी, चुकांची नोंद, ती कशी सुटली ते सगळं गेलं.

रोजच्या सुरुवातीला नुसतं ‘नोरेक’ पुरतं. नोरेक म्हणजे ‘आणखी काही विनंती नाही, कामाला लाग’. तेही दिलं नाही तर जेईएस२ ‘एंटर रिक्वेस्ट्स’ म्हणून थांबतो आणि ‘$एस’ द्यावा लागतो. फॉरमॅट आणि नोरेक ही दोन उत्तरं शेजारी शेजारी असतात आणि त्यांत फरक सगळ्या साठ्याचा आहे. कन्सोल ‘खात्री आहे का?’ असं विचारत नाही. तो धरून चालतो की खुर्चीत बसलेल्या माणसाने ओळ वाचली आहे. त्या रात्रीपासून मी ओळ मोठ्याने वाचते. घरातले आता काही विचारत नाहीत.

वाचायचं ठरवल्यावर संदेशांची रचना दिसू लागली, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपातून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. प्रत्येक संदेशाची सुरुवात एका ओळखक्रमांकाने होते: पहिली अक्षरं, बहुधा तीन, कोण बोलतंय ते सांगतात, मग आकडे, आणि बहुतेकदा शेवटी एक अक्षर. ‘आयईई’ म्हणजे कन्सोल आणि आज्ञांचं खातं, ‘आयईएफ’ म्हणजे जॉब आणि डिव्हाइस वाटपाचं, ‘आयईसी’ म्हणजे डेटा वाचण्या-लिहिण्याचं, ‘$हॅस्प’ म्हणजे जेईएस२. आणि शेवटचं अक्षर आपल्याकडून काय हवं ते सांगतं. ‘आय’ असेल तर नुसती माहिती. ‘ए’ असेल तर ॲक्शन, काहीतरी आत्ता करा. ‘डी’ असेल तर डिसिजन, निर्णय तुमचा, मी थांबलोय. ‘ई’ असेल तर सवडीने करा, पण करा. कृती हवी असलेल्या ओळीपुढे चांदणीही असते. म्हणजे दोनशे ओळी धडाधड सरकत असल्या तरी एकशे नव्वद ओळींच्या शेवटी ‘आय’ असतो आणि त्या जाऊ द्यायच्या असतात. डोळ्याने ‘ए’ आणि ‘डी’ टिपायचे. मी चौदा वर्षं ‘आयईएफ४५२आय’ किंवा ‘आयईसी१४१आय’ बघत आले, ते शेवटचं अक्षर काय सांगतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

आज्ञांचंही तसंच. एकेका अक्षरात क्रियापद आहे. डी दाखव, एस सुरू कर, पी थांबव, सी रद्द कर, एफ बदल, व्ही डिव्हाइसची स्थिती पालट, आर उत्तर दे, झेड सिस्टिम आवरती घे. ‘डी ए,एल’ म्हटलं की चालू असलेलं सगळं दिसतं. ‘डी आर’ म्हटलं की थकलेले प्रश्न. पी आणि सी यांतला फरक मात्र नीट समजून घ्यावा. पी म्हणजे ‘हातातलं संपवून थांब’ आणि सी म्हणजे ‘आहेस तिथून ऊठ’. पी झालेला जॉब आपला शेवट आपण लिहितो. सी झालेल्या जॉबचा शेवट एस२२२ असा अबेंड, म्हणजे अर्धवट शेवट, असतो. जेईएस२च्या आज्ञा डॉलरने सुरू होतात, ‘$डीए’ म्हणजे चालू जॉब, ‘$डीआय’ म्हणजे इनिशिएटर, रांगेतले जॉब उचलून चालवणारे. यातल्या बऱ्याचशा आज आमच्या ग्राहकाच्या झेड/ओएसवरही जशाच्या तशा चालतात. एमव्हीएस ३.८ ची शेवटची घडी १९८१ च्या सुमाराची. माझ्या जन्माआधीची ‘डी ए,एल’ आजही तेच उत्तर देते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

कार्ड रीडरबद्दल थोडक्यात. जेसीएल, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते सांगणारी भाषा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, मग हर्क्युलसला, स्लॅशशिवाय, ‘डेव्हइनिट ००सी’ आणि पुढे फाइलचं नाव. ००सी हा कार्ड रीडर. गठ्ठा ठेवला की तो एमव्हीएसला हाक मारतो, जेईएस२ कार्डं वाचतो, ‘$हॅस्प१००’ येतं, मग ‘$हॅस्प३७३’ जॉब सुरू झाला, ‘$हॅस्प३९५’ संपला. आउटपुट १४०३ प्रिंटरच्या नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये पडतं. ओळ बहात्तराव्या रकान्याच्या पुढे गेली तर तिथलं जेसीएल वाचलं जात नाही, ही जुनी शिस्त इथेही आहे. बस्स, यात फारसं अडण्यासारखं नाही.

खरी मजा टेपमध्ये आहे.

टेपसाठी मी एक छोटा जॉब लिहिला. एका डेटासेटची, म्हणजे फाइलची, टेपवर प्रत करायची, प्रोग्रॅम आयईबीजेनर, टेपचं नाव टेप०१. गठ्ठा रीडरमध्ये ठेवला. जॉब सुरू झाला आणि थांबला. चांदणी लावून ओळ आली: ‘आयईएफ२३३ए एम ४८०,टेप०१’, पुढे जॉबचं आणि स्टेपचं नाव. मी वाचली. शेवटी ए, म्हणजे काहीतरी करायचं आहे. एम म्हणजे माउंट. ४८० नंबरच्या ड्राइव्हवर टेप०१ चढव. हे एमव्हीएस मला, माणसाला सांगते आहे. तिला हात नाहीत. म्हणजे आता इथे स्लॅश द्यायचा नाही, यंत्राच्या बाजूने काम करायचं.

टेप तयार करायला हर्क्युलसबरोबर ‘हेटइनिट’ नावाचं साधन येतं. त्याने रिकामी टेप बनवायची आणि तिच्यावर लेबल लिहायचं. मी गडबडीत आधीच्या सरावासाठी केलेली टेप०२ची फाइल उचलली आणि ‘डेव्हइनिट ४८०’ करून तीच चढवली. एमव्हीएसने टेप वाचली, लेबल टेप०२ निघालं, टेप गुंडाळून बाहेर काढली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. कुठेही आरडाओरड नाही, जॉब पडला नाही. फक्त पुन्हा तीच मागणी: ४८० वर टेप०१ चढव. मी खुर्चीत मागे टेकून त्या ओळीकडे बघत राहिले. सरांनी सांगितलेलं आठवलं, की एका शिफ्टला शेकडो टेपा चढायच्या, रात्री तीनला चुकीची टेप हाताला लागणं साहजिक होतं, म्हणूनच लेबल. पुसली जाऊ नये अशा टेपच्या मागची प्लास्टिकची कडी काढून ठेवायचे, कडी नाही तर लिहिणं नाही. हर्क्युलसमध्ये त्या कडीचीही सोय आहे, टेप जोडताना ‘नोरिंग’ लिहिलं की ती फक्त वाचता येते.

मग योग्य टेप बनवली, चढवली. टेप०१. तळाच्या ओळीत आकडे हलले, जॉब पुढे गेला, प्रत झाली, ‘कंडिशन कोड ००००’, म्हणजे सगळं ठीक. आणि शेवटी आणखी एक ओळ: ‘आयईएफ२३४ई के ४८०,टेप०१’. मोठ्याने वाचली. शेवटी ई, म्हणजे सवडीने. के म्हणजे कीप. टेप काढ आणि जपून ठेव. ‘डेव्हइनिट ४८० *’ केलं, टेप उतरली. फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "के आला की टेप रॅकवर ठेवून रजिस्टरमध्ये सही करायची असायची." मग मीही वहीच्या मागच्या पानावर तारीख, टेपचं नाव आणि जॉबचं नाव लिहिलं.

सिस्टिम बंद करण्याबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे, कारण बहुतेक जण तिथे खिडकी सरळ बंद करतात. ज्या क्रमाने उभं केलं त्याच्या उलट क्रमाने उतरवायचं. आधी आपण टीएसओतून लॉगऑफ. मग ‘/पी टीएसओ’. मग ‘/झेड नेट,क्विक’, टर्मिनलांचं जाळं बंद. मग ‘/$पीजेईएस२’. इथे मला पहिल्यांदा नकार आला, कारण दुसऱ्या खिडकीत माझंच एक सेशन उघडं राहिलं होतं. जेईएस२ला जोवर एकही काम चालू दिसतं तोवर तो झोपत नाही. ‘$डीए’ करून कोण जागं आहे ते बघितलं, सेशन मिटवलं, पुन्हा विचारलं, गेला. मग ‘/झेड ईओडी’, एंड ऑफ डे. यात सिस्टिम हातातल्या नोंदी डिस्कवर लिहून टाकते आणि ‘हॉल्ट ईओडी सक्सेसफुल’ म्हणते. शेवटी ‘/क्वाएस’, म्हणजे शांत हो. त्यानंतर हर्क्युलस सांगतो की प्रोसेसर डिसेबल्ड वेट स्टेटमध्ये गेला. एरवी हा शब्द बघून पोटात गोळा येतो, सिस्टिम मेल्याची ती खूण असते. पण पीएसडब्ल्यूची, म्हणजे प्रोसेसरची स्थिती सांगणाऱ्या आकड्याची, शेवटची तीन अक्षरं वाचायची. ‘सीसीसी’ असेल तर तिला आपणच शांत केलं आहे. मग स्लॅशशिवाय ‘एक्झिट’.

हे सगळं जमू लागल्यावर, सप्टेंबरमधल्या एका रविवारी, मी ती रात्र परत मांडली.

‘/व्ही ४८०,ऑफलाइन’. एकेक करून सगळे टेप ड्राइव्ह ऑफलाइन केले. ‘डी यू,टेप’ करून खात्री केली, एकही उपलब्ध नव्हता. मग तोच टेपचा जॉब रीडरमध्ये ठेवला. या वेळी माउंटचा संदेश आला नाही. आधी ‘आय’ने संपणाऱ्या ओळी आल्या: एक युनिट देता येत नाही, आणि ऑफलाइन असलेल्या ड्राइव्हची यादी. आणि त्यांच्याखाली, प्रश्नाचा क्रमांक आणि चांदणीसह: ‘आयईएफ२३८डी’, जॉबचं नाव, ‘रिप्लाय डिव्हाइस नेम ऑर कॅन्सल’.

तीच ओळ. फोनवरून ऐकलेली.

मी ती वाचली. शेवटी डी, निर्णय माझा. ओळ काय म्हणते आहे? जॉबला टेप ड्राइव्ह हवा आहे, मोकळा एकही नाही. बंद असलेल्यांपैकी एक दे, नाहीतर जॉब सोडून दे. जॉबमध्ये काहीही चूक नाही. चाळीस मिनिटं तो अडकून पडलेला नव्हता, तो उत्तराची वाट बघत होता. त्या रात्री ऑपरेटरने मला जे विचारलं ते हेच होतं, आणि त्यानेही यादी बघितली असणार, पण निर्णय जॉबच्या मालकाचा म्हणून त्याने माझ्यावर सोपवला होता. मी यादी मागवली असती, एखादा ड्राइव्ह देता येईल का एवढं विचारलं असतं, तरी पुढचे अकरा जॉब वाचले असते.

‘/आर ००,४८०’.

सिस्टिमने ड्राइव्ह स्वतःच ऑनलाइन घेतला आणि लगेच खाली आलं: ‘आयईएफ२३३ए एम ४८०,टेप०१’. रॅकच्या फोल्डरमधून टेप काढली, यंत्राच्या बाजूने चढवली. कंडिशन कोड ००००. के आला. टेप उतरवून ठेवली आणि वहीत दुसरी ओळ लिहिली.

गेल्या महिन्यात कामावर पुन्हा तसाच फोन आला. या वेळी जॉब दुसरा होता, ऑपरेटरही दुसरा. तो म्हणाला, "एक रिप्लाय थकला आहे, कॅन्सल देऊ का?" मी म्हटलं, "आधी पूर्ण ओळ वाचून दाखवा, ओळखक्रमांकापासून. आणि तिच्या वरच्या दोन ओळीही."

त्याने वाचून दाखवायला सुरुवात केली आणि मी वही उघडली.